‘पुष्कळांचें पुष्कळ सुख’ आणि हिशेबाची बाकी

नीतिशास्त्रांतील अनेक उपपत्तींपैकीं जी सामान्य माणसाला पहिल्याच वाचनांत पटते आणि जिच्यावर विद्वानांनीं सर्वांत अधिक आक्षेप घेतले आहेत, ती उपयुक्ततावादाची उपपत्ति होय. ज्या कृत्यानें पुष्कळांचें पुष्कळ सुख साधतें तें योग्य, आणि ज्यानें सुखापेक्षां दुःख अधिक निपजतें तें अयोग्य, एवढेंच तिचें सूत्र. यांत परलोकाची भीति नाहीं, ग्रंथप्रामाण्याचा आग्रह नाहीं, रूढीचा धाक नाहीं. राज्याच्या मंत्र्यापासून गांवच्या सरपंचापर्यंत जो कोणी चार माणसांच्या वतीनें निर्णय घेतो, तो कळत नकळत याच सूत्राचा आधार घेत असतो. मीही गेलीं पंचवीसएक वर्षें रत्नागिरींत विद्यार्थ्यांना मिल शिकवीत आलों, आणि तो शिकवितांना माझ्या मनांत या मताविषयीं एक प्रकारचा आपलेपणा होता, हें आधींच सांगून टाकणें बरें.

त्या आपलेपणाला धक्का बसला तो कोणत्याही ग्रंथानें नव्हे, तर एका विद्यार्थ्याच्या प्रश्नानें. वर्गांत बेंथॅमचें सुखगणित समजावून देत असतां मीं नेहमींच्या संवयीनें धरणाचें उदाहरण घेतलें. एका बाजूला खोऱ्यांतील कांहीं गांवें. दुसऱ्या बाजूला लक्षावधि घरांतील दिवे व हजारों कामगारांचा रोजगार. बेरीज करा, उत्तर उघड आहे. तास संपल्यावर मागच्या बांकावरचा एक मुलगा माझ्यापाशीं आला व म्हणाला, “सर, माझ्या आईचें माहेर कोयनेच्या पाण्याखालीं आहे. तुमच्या बेरजेंत आमचे आजोबा कोठें आले?” मीं सांगितलें, “वजा बाजूला आले. त्यांचें दुःख मोजलेलें आहेच. पण अधिक बाजू मोठी ठरली.” “बरं, सर,” एवढेंच बोलून तो निघून गेला. उत्तर शास्त्राप्रमाणें बिनचूक होतें. तरी घरीं जातांना मला वाटूं लागलें कीं, त्या मुलानें जें विचारलें त्याचें हें उत्तर नव्हेच. प्रस्तुत लेख म्हणजे तें राहून गेलेलें उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

ज्या मतावर आक्षेप घ्यावयाचा त्याची बाजू आधीं पुरतेपणीं मांडली पाहिजे. जेरेमी बेंथॅम यानें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत सुखदुःख मोजण्याचीं सात मानें सांगितलीं : तीव्रता, टिकाऊपणा, निश्चितपणा, जवळीक, एका सुखांतून आणखी सुख निपजण्याची शक्ति, दुःखाची भेसळ नसणें, आणि तें किती माणसांपर्यंत पोंचतें तो विस्तार. हीं मानें आज कोणाला बाळबोध वाटतील. परंतु त्यांच्या पोटीं एक मोठें समतेचें तत्त्व होतें. राजाचें सुख आणि रंकाचें सुख एकाच तराजूंत घालावयाचें, कोणाचेंही एकाहून अधिक धरावयाचें नाहीं. ज्या काळीं इंग्लंडांत क्षुल्लक चोरीलाही फांशी होत असे, त्या काळीं ‘या शिक्षेनें कोणाचें किती दुःख टळतें?’ असें विचारणें ही लहान गोष्ट नव्हती. पुढें जॉन स्टुअर्ट मिल यानें १८६१ सालीं मासिकांतून लेखरूपानें व १८६३ सालीं पुस्तकरूपानें हें मत पुन्हां मांडलें, आणि सुखांसुखांतही उच्चनीच प्रत असते असें सांगून त्याला आलेला ओबडधोबडपणा घालविण्याचा यत्न केला.

महाराष्ट्रालाही या मताचें ऋण नाकारतां येणार नाहीं. १८८८ सालीं ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांच्या विचारांवर मिल व स्पेन्सर यांचा संस्कार होता, हें सर्वश्रुत आहे. बालविवाह, केशवपन, असंमत वैधव्य यांविषयीं ‘शास्त्र काय म्हणतें?’ हा प्रश्न बाजूला सारून ‘यापासून कोणाला काय सुख व कोणाला काय दुःख?’ असें विचारण्याचें धैर्य ज्या पिढीनें दाखविलें, तिच्या हातीं हें एक धारदार शस्त्र होतें. आपल्याच जिल्ह्यांतील मुरुडचें उदाहरण घ्या. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं एका विधवेशीं विवाह केला, आणि मुरुड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार घालणारे लोक दुष्ट होते असें मानण्याचें कारण नाहीं. ते आपल्या समजुतीप्रमाणें धर्म पाळीत होते. परिणामांकडे न पाहतां केवळ कर्तव्य म्हणून जें आचरण होतें, तें किती आंधळें असूं शकतें याचें हें उदाहरण आहे. म्हणून परिणामांचा विचार नीतींतून हद्दपार करा असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाहीं.

परंतु हेंच उदाहरण उलटून पाहिलें तर काय दिसतें? १८९३ सालीं त्या गांवापुरती बेरीज केली असती, तर दोन माणसांचें सुख आणि सगळ्या गांवाचा मनस्ताप, असाच हिशेब निघाला असता. उपयुक्ततावादी म्हणेल कीं, हिशेब गांवापुरता करावयाचा नसतो. पुढें १८९६ सालीं निघालेला अनाथबालिकाश्रम, हिंगण्याची संस्था, १९१६ सालचें महिला विद्यापीठ, त्यांत शिकलेल्या हजारों स्त्रिया, हें सर्व धरावयाचें. ठीक आहे. पण तें सर्व १८९३ सालीं कोणाला दिसत होतें? कर्व्यांनीं तें गणित मांडून लग्न केलें नाहीं. एका स्त्रीला माणूस म्हणून जगण्याचा हक्क आहे, हें त्यांना आधीं दिसलें. परिणाम मागाहून आले. तेव्हां परिणामांचा विचार आवश्यक असला, तरी ज्या दृष्टीनें परिणाम मोजावयाचे ती दृष्टि परिणामांतून येत नाहीं, एवढें येथें ध्यानांत ठेवूं.

या मताची आपल्या भाषेंतील सर्वांत समर्थ चिकित्सा ज्यांनीं केली ते लोकमान्य टिळक १८५६ सालीं रत्नागिरींतच जन्मले. मंडालेच्या तुरुंगांत १९१०–११ च्या हिवाळ्यांत लिहिलेल्या व १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्यां’त ‘आधिभौतिक सुखवाद’ या नांवाचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. मंडालेचा पदच्युत राजा थिबा त्या वेळीं रत्नागिरींत दिवस कंठीत होता आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेस, हा दैवाचा एक विचित्र खेळच म्हणावयाचा. टिळकांचे मुख्य आक्षेप दोन. पहिला संख्येचा : कौरवांची सेना अकरा अक्षौहिणी व पांडवांची सात, म्हणून काय कौरवांचें सुख साधणें न्याय्य ठरलें असतें? दुसरा कर्त्याच्या बुद्धीचा. अमेरिकेंतील एका शहरांत लोकोपयोगी ट्रामगाडीची परवानगी लवकर मिळावी म्हणून लांच दिली गेली, त्याचा दाखला देऊन त्यांनीं दाखविलें कीं, बाह्य परिणाम लोकांच्या हिताचा असला तरी तेवढ्यानें कृत्य शुद्ध ठरत नाहीं; कर्त्याची बुद्धि पाहिली पाहिजे.

टिळकांविषयीं पूर्ण आदर राखून मला वाटतें कीं, यांपैकीं पहिला आक्षेप मिलला तितकासा लागत नाहीं. रणांगणावर कोणाकडे किती सैनिक उभे आहेत हें मिल मोजीत नाहीं. एका राज्यव्यवस्थेखालीं नांदणाऱ्या सर्व प्रजेचें आणि पुढील पिढ्यांचें सुखदुःख तो मोजूं पाहतो. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. परंतु माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला तोही पुरा पडत नाहीं. समजा, धरण बांधणाऱ्या अभियंत्यांची आणि तें मंजूर करणाऱ्या मंत्र्यांची बुद्धि गंगाजळासारखी निर्मळ होती. लोककल्याणावांचून दुसरा हेतु त्यांच्या मनांत नव्हता. तरीही गांव बुडालेंच. बुडविणाराचें मन शुद्ध होतें, हें ऐकून बुडणाराचें समाधान व्हावें अशी अपेक्षा कोण करील? तेव्हां प्रश्न केवळ कर्त्याच्या बुद्धीचा नाहीं. ज्याच्यावर कृत्य घडतें त्याच्या स्थानाचाही आहे.

आतां प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळूं. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनें विजेसाठीं धरण घालावयास घेतलें, तेव्हां मुळशी पेट्यांतील पन्नासाच्या घरांत गांवें पाण्याखालीं जाणार होतीं. १९२१ सालच्या एप्रिलांत मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यांत. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. उलट बाजूचा युक्तिवाद शुद्ध उपयुक्ततावादाचा होता : मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज मिळेल, कोळसा वांचेल, असंख्य मजुरांना काम मिळेल. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें या युक्तिवादाला ‘सार्वजनिक काम’ असें नांव देऊन ठेवलेंच होतें. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, धरण झालें.

पुढें राज्य परक्यांचें राहिलें नाहीं, पण युक्तिवाद तोच राहिला. कोयना नदी स्वभावतः पूर्वेकडे वाहत जाऊन कऱ्हाडास कृष्णेला मिळते. तिला अडवून, सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें पश्चिमेकडे वळवून, चिपळूण तालुक्यांत पोफळीजवळ तिच्या पाण्यावर वीज काढतात, व तें पाणी वाशिष्ठीवाटें अरबी समुद्रास मिळतें. धरण १९६४ सालीं पुरें झालें. तेथील सर्व टप्प्यांची शक्ति मिळून १९६० मेगावॅट आहे, आणि महाराष्ट्राच्या उद्योगधंद्यांची उभारणी पुष्कळ अंशीं तिच्यावर झाली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपांत त्या खोऱ्यानें पावणेदोनशेच्या वर माणसें गमावलीं. आणि प्रकल्पामुळें उठविलेल्या लोकांच्या पुनर्वसनासाठीं महाराष्ट्रानें स्वतंत्र कायदा केला तो १९७६ सालीं, म्हणजे कोयनेचें धरण भरल्यानंतर एक तपानें.

या कथांत बेरीज चुकली होती काय? अधिक बाजू खरोखरच मोठी होती, हें मी नाकबूल करीत नाहीं. मग खटकतें तें काय? विचार करतां मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली ही कीं, तराजू ज्याच्या हातीं असतो तो बहुधा लाभाच्या पारड्यांत बसलेला असतो. जेम्स मिल यानें १८१७ सालीं हिंदुस्थानाचा मोठा इतिहास लिहिला; जॉन मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींत नोकरीस होता; पण दोघांनींही हा देश कधीं पाहिला नाहीं. दुरून मोजणाऱ्याला दिवे मोजतां येतात, कारण ते मीटरावर मोजले जातात. गांवच्या देवाची जागा, आंब्याच्या झाडाचें वय, विहिरीवरच्या शेजारणी, यांना मीटर नाहीं. म्हणून त्यांचा आंकडा शून्य धरला जातो. हा दोष मोजणाऱ्याचा आहे, मताचा नाहीं, असें मिलचा अनुयायी म्हणेल. आणि तें मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट नुकसानभरपाईची. १९३९ सालीं निकोलस काल्डॉर व जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनीं एक कसोटी सुचविली : एखाद्या बदलानें ज्यांना लाभ झाला ते, ज्यांची हानि झाली त्यांची भरपाई करूनही फायद्यांत राहूं शकत असतील, तर तो बदल समाजाला हितकर समजावा. येथें शब्द नीट पाहिले पाहिजेत. भरपाई करतां येण्यासारखी असली म्हणजे पुरें. ती प्रत्यक्ष केलीच पाहिजे असें ही कसोटी म्हणत नाहीं. सावकाराच्या दारीं जाऊन ‘तुमचें कर्ज फेडण्याइतके पैसे माझ्यापाशीं आहेत, तेव्हां आपला व्यवहार पुरा झाला’ असें कोणी म्हणेल तर त्याला आपण काय म्हणूं? पण समाजाच्या वतीनें हेंच वाक्य आपण वर्षानुवर्षें उच्चारीत आलों आहों.

तिसरी गोष्ट सर्वांत मूलगामी आहे. कोंकणांतला शेतकरी घरांत तांदुळाची टंचाई असतांही बियाण्याचें भात राखून ठेवतो. आजची भूक व उद्यांचें पीक यांची तो बेरीज-वजाबाकी करतो, आणि त्याचें करणें शहाणपणाचें असतें. कारण भूक सोसणाराही तोच आणि पीक खाणाराही तोच. उपयुक्ततावाद हाच न्याय साऱ्या समाजाला लावतो. जणूं समाज म्हणजे एकच मोठा मनुष्य, ज्याच्या एका अवयवाचें दुःख दुसऱ्या अवयवाच्या सुखानें भरून निघतें. पण येथें बियाणें एकाच्या कणगींतलें, शेत दुसऱ्याचें, आणि पीक तिसऱ्याच्या घरांत. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यानें १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत या मतावर जो मुख्य आक्षेप घेतला तो हाच कीं, माणसें वेगवेगळीं आहेत ही गोष्टच हें मत गंभीरपणें घेत नाहीं. माझा विद्यार्थी ‘आमचे आजोबा कोठें आले?’ असें विचारीत होता तेव्हां तो तात्त्विक परिभाषेशिवाय हेंच विचारीत होता. मीं त्यांना एक आंकडा करून दाखविला. तो एका माणसाविषयीं विचारीत होता.

इतकें मान्य केल्यावर दुसऱ्या टोंकाला जाण्याचा मोह होतो, आणि त्यापासूनही सावध राहिलें पाहिजे. ज्याची हानि होते त्याच्या प्रत्येक नकारापुढें समाजानें थांबावें असें ठरविलें, तर रस्ता होणार नाहीं, पाटबंधारा होणार नाहीं, दवाखानाही होणार नाहीं. मीं स्वतः लहानपणीं रॉकेलच्या चिमणीपुढें धडे गिरविले आणि पुढें विजेच्या दिव्याखालीं मिल वाचला. ती वीज कोणाच्या तरी अंगणावरून वाहत आली हें खरें. पण ती आली नसती तर या डोंगरकपाऱ्यांतल्या शेंकडों मुलांचें शिक्षण चिमणीपाशींच अडलें असतें, हेंही तितकेंच खरें. आमच्याच जिल्ह्यांतील माडबनच्या अणुवीज प्रकल्पाचा वाद पाहा. सहा अणुभट्ट्या, ९९०० मेगावॅट वीज, सुमारें ९३८ हेक्टर जमीन; २०१० च्या डिसेंबरांत फ्रेंच कंपनीशीं करार झाला, पुढच्याच मार्चांत जपानांत फुकुशिमाचा अपघात घडला, आणि एप्रिलांत नाटें येथें गोळीबारांत एक मनुष्य मेला. या वादांत समर्थकांनीं वीज व रोजगार मोजला, तर विरोधकांनीं मासळी, आंबा आणि अपघाताचें भय मोजलें. दोन्ही पक्षांची भाषा परिणामांचीच होती. मोजल्याशिवाय कोणाचेंच चालत नाहीं.

तेव्हां मोजावें कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हे. मोजण्याआधीं काय करावें आणि मोजून झाल्यावर काय उरतें, हे खरे प्रश्न आहेत. मोजण्याआधीं विचारावें : ज्याचें जाणार आहे त्याला आपण विचारलें आहे काय? त्याचें म्हणणें त्याच्याच तोंडून ऐकलें आहे काय? त्याच्या जागीं आपण असतों तर कोणत्या अटींवर हें मान्य केलें असतें? टिळकांनीं ज्या आत्मौपम्यबुद्धीवर भर दिला, तिचा उपयोग कर्त्याच्या मनाची शुद्धि पाहण्यापुरता न करतां, तिला भोगणाऱ्याच्या अंगणांत नेऊन उभें केलें पाहिजे. १८९४ चा कायदा रद्द होऊन २०१३ सालीं जो नवा कायदा झाला, त्यांत खासगी प्रकल्पांसाठीं बाधित कुटुंबांपैकीं ऐंशीं टक्क्यांची संमति घातली गेली व सामाजिक परिणामांची पाहणी सांगितली गेली. मुळशीच्या मावळ्यांनीं जें मागितलें त्याकडे कायदा यावयास नव्वदांहून अधिक वर्षें लागलीं.

आणि मोजून झाल्यावर? येथेंच माझ्या मतें उपयुक्ततावादाचा खरा तोटा आहे. त्याच्या वहींत एकदां अधिक बाजू मोठी ठरली कीं खातें बंद होतें. वजा बाजू अधिकांत विरून जाते. पण नीतीचें खातें तसें बंद होत नाहीं. निर्णय योग्य असला तरीही बाकी उरते. पुष्कळांचें जें सुख थोडक्यांच्या हानीवर उभें आहे, तें त्या पुष्कळांचा नफा नव्हे. तें त्यांचें कर्ज आहे. नफा मिळालेला मनुष्य निवांत झोंपतो. कर्ज घेतलेल्यानें सावकाराचें नांव विसरावयाचें नसतें. आपल्या परंपरेंत देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितलें आहे. ज्यांचें गांव आपल्या दिव्याखालच्या अंधारांत गेलें त्यांच्या ऋणाला कोणतें नांव द्यावें तें मला ठाऊक नाहीं. परंतु तें ऋण आहे, दान नव्हे, एवढें निश्चित. ‘त्यांनीं राष्ट्रासाठीं त्याग केला’ असें आपण गौरवानें म्हणतों तेव्हां हाच घोंटाळा करतों. त्याग स्वेच्छेनें करावयाचा असतो. जें न विचारतां घेतलें त्याला त्याग म्हणणें म्हणजे घेणाऱ्यानें आपल्या कर्जाची पावती फाडून टाकणें होय.

कोणी म्हणेल, यानें व्यवहारांत फरक काय पडला? माझ्या मतें पुष्कळ पडतो. नफा समजणारा मनुष्य पुनर्वसन शेवटीं, उरलेल्या पैशांतून करतो. कर्ज समजणारा तें आधीं करतो. नफा समजणाऱ्याला विस्थापिताचा तिसऱ्या पिढींतला अर्ज म्हणजे कटकट वाटते. कर्ज समजणाऱ्याला ती थकबाकीची आठवण वाटते.

त्या विद्यार्थ्याला मीं पुढच्या आठवड्यांत थांबवून घेतलें. “तुझे आजोबा बेरजेंत नव्हते,” मीं त्याला सांगितलें, “ते बाकींत आहेत. आणि ती बाकी ज्यांच्याकडे निघते त्यांत मीही आहें.” तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आजोबांना आतां कांहीं नको आहे. फक्त उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे देवळाचा चौथरा दिसतो, तो पाहायला ते जातात.” यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. बेंथॅमच्या सात मानांपैकीं कोणत्या मानानें तो चौथरा मोजावयाचा, हें मी अजून सांगूं शकत नाहीं. मात्र आतां वर्गांत धरणाचें उदाहरण घेतांना ‘उत्तर उघड आहे’ असें म्हणण्याचें मीं सोडून दिलें आहे.